लाँड्रीवाल्याची लेक : ॲना मे वाँग

आपल्या स्मरणिकेत जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई रानडे यांची चरित्रे आपण पुष्कळदा वाचली आहेत, आणि पुन्हा वाचली तरी कंटाळा येत नाही. पण यंदा संपादक भगिनींनी मला लिहायला सांगितले तेव्हा माझ्या मनात एका निराळ्याच बाईचे नाव आले. ती राणी नव्हती की समाजसेविका नव्हती. अमेरिकेतल्या एका चिनी लाँड्रीवाल्याची ती मुलगी, आणि सिनेमात काम करीत असे. नटीचे चरित्र आपल्या अंकात कशाला, असे काही भगिनींना वाटेल. त्यांना माझी एवढीच विनंती की आधी सगळे वाचावे आणि मग रागवावे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी पुस्तके मला वाचता येत नाहीत. माझी मुलगी कॉलेजात आहे, तिने दुपारी स्वयंपाकघरात बसून मला हे सर्व मराठीत सांगितले आणि मी भाजी निवडता निवडता ऐकले. सनावळ्या मात्र तिच्याकडून दोनदा तपासून घेतल्या आहेत.

ॲना मेचा जन्म ३ जानेवारी १९०५ रोजी लॉस एंजेलिस शहरात झाला. तिचे घरचे नाव लिऊ त्सोंग. त्यांच्या अक्षरांत लिऊ म्हणजे पाण्याकाठी वाढणारे विलोचे झाड आणि त्सोंग म्हणजे पहाटेचे गोठलेले दव. वाँग हे आडनाव. ॲना मे वाँग हे पडद्यावरचे नाव तिने पुढे स्वतःच ठरवले. वडिलांचे नाव वाँग सॅम सिंग व आईचे ली गोन तॉय. वडिलांचा जन्म अमेरिकेतच झालेला आणि आजोबा तर १८५५ च्याही आधीपासून तिथे होते. म्हणजे ही मुलगी त्या मुलखात तिसऱ्या पिढीची. तरीसुद्धा आयुष्यभर लोक तिला चीनहून आलेलीच समजत राहिले.

वडील लाँड्री चालवीत. आता कुणी म्हणेल की चिनी लोकांचा हा पिढीजात धंदाच असेल. तसे मुळीच नाही. कॅलिफोर्नियात सोने सापडले तेव्हा चिनी माणसे खाणीत खपायला गेली, मग त्यांनी डोंगर फोडून आगगाडीचे रूळ टाकले. ते काम १८६९ साली संपले. गोऱ्या मजुरांना हे लोक डोळ्यांसमोर नकोसे झाले आणि एकेक कामाचे दार त्यांना बंद होत गेले. दुसऱ्यांचे कपडे धुणे हे काम गोऱ्या पुरुषांना कमीपणाचे वाटे, तेवढे उरले. म्हणून हे लोक लाँड्रीत शिरले. आणि मग तेच गोरे लोक म्हणू लागले की चिनी माणूस जन्माला येतो तोच इस्त्री हातात घेऊन! आधी माणसाला कोपऱ्यात ढकलायचे आणि मग त्याला कोपराच आवडतो म्हणायचे, ही रीत आपल्यालाही काही अपरिचित नाही.

लहानपणी ॲना आणि तिची थोरली बहीण लुलू सरकारी शाळेत जात. तिथली मुले त्यांची वेणी ओढीत, चिडवीत. एक मुलगा ॲनाच्या मागच्या बाकावर बसून तिला टाचण्या टोचीत असे. चिनी माणसाला दुखते की नाही हे त्याला पाहायचे होते. तिने घरी तक्रार केली नाही, एकावर एक कोट घालून शाळेत जाऊ लागली. शेवटी वडिलांनी दोघींना त्या शाळेतून काढून चिनी मुलांसाठी असलेल्या मिशनच्या शाळेत घातले. ती सुटली की संध्याकाळी चिनी भाषेची वेगळी शाळा. मुलांनी आपली भाषा विसरू नये ही बापाची इच्छा. दोघी बहिणी धुतलेल्या कपड्यांची गाठोडी गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवीत, त्यांना वर थोडी चिल्लर मिळे. ती चिल्लर घेऊन ॲना चिनी शाळा बुडवी आणि सिनेमाला जाऊन बसे. घरी कळले की मारही बसे. त्या वेळी सिनेमाचा धंदा लॉस एंजेलिसमध्ये नुकताच येऊन वसत होता आणि रस्त्यावरच चित्रीकरण चाले. ही पोर तासन्‌तास तिथे उभी राही व मला काम द्या म्हणून मागे लागे.

१९१९ साली एका मूकपटासाठी तीनशे चिनी बायका गर्दीला हव्या होत्या. 'द रेड लँटर्न' त्या चित्राचे नाव. ॲनाने वडिलांना न कळवता त्यात काम मिळवले. पडद्यावर हातात कंदील घेऊन चाललेल्या अनेकींपैकी ती एक होती. चौदा वर्षांची.

वडिलांना हे अजिबात पसंत नव्हते. पुढे काम वाढले तेव्हाही घरचे कुणी तरी वडीलधारे माणूस बरोबर असल्याखेरीज ते तिला पाठवीत नसत. मुलीने निमूटपणे शिकावे, चांगल्या चिनी घरात पडावे, ही त्यांची अपेक्षा. १९२१ साली तिने शाळा सोडली ती सिनेमासाठीच, आणि घरात ती गोष्ट कधी पुरती पचली नाही.

हे ऐकताना प्रथम मलाही त्या बापाचा राग आला होता. पण पुढे मुलीने मला एक कायदा सांगितला आणि मी हातातली भाजी ठेवून दिली. १८७५ साली अमेरिकेने असा कायदा केला की वाईट धंद्यासाठी आणलेल्या चीनकडच्या बायकांना देशात येऊ द्यायचे नाही. ऐकायला बरा वाटतो. पण प्रत्यक्षात असे झाले की प्रत्येक चिनी बाई तशीच असणार, असे धरून तिची उलटतपासणी होऊ लागली. घरंदाज बायकासुद्धा यायला भिऊ लागल्या. १८८२ साली तर चिनी मजुरांनाच बंदी झाली. परिणाम असा की चिनी वस्त्यांत पुरुष फार आणि बायका अगदी थोड्या. त्या थोड्यांकडे गोरे लोक बघत ते एकाच नजरेने. अशा गावात ज्या बापाला सात-आठ मुलांचा संसार उभा करायचा आहे, त्याला मुलीची अब्रू म्हणजे घराचे छप्परच वाटणार. आणि त्याची मुलगी निघाली पडद्यावर, पुन्हा बहुतेक वेळा तशाच बाईचे सोंग घ्यायला! बापाचा कडकपणा त्याच्या चिनी रीतीतून आला असे सगळे म्हणतात. काही आला असेल. पण निम्मा तरी त्या बाहेरच्या नजरेने घरात आणून ठेवलेला होता असे मला वाटते.

माझी स्वतःची शाळा सातवीला थांबली. पुढचा वर्ग दुसऱ्या गावी होता आणि वाटेवर टारगट पोरे उभी असत. त्या पोरांना कुणी काही म्हटले नाही, माझे दप्तर मात्र खुंटीला लागले. वडिलांचा माझ्यावर जीव नव्हता असे नाही. उलट होता म्हणूनच. त्यामुळे सॅम सिंगला मी सहजासहजी दोषी धरू शकत नाही आणि ॲनाने त्याचे ऐकले नाही याचेही मला वाईट वाटत नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळे होते? दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना, साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, त्यांना लोकांनी काय काय बोलून घेतले असेल ते आपण समजू शकतो.

ॲना सतरा वर्षांची असताना, १९२२ साली, 'द टोल ऑफ द सी' या चित्रात नायिका झाली. रंगीत चित्राची टेक्निकलर पद्धत तेव्हा नवी होती. कथा अशी : एक चिनी मुलगी समुद्रातून वाहून आलेल्या गोऱ्या माणसाला वाचवते, त्याच्यावर जीव लावते, तो तिला टाकून जातो. परत येतो तो गोरी बायको घेऊन. ही आपले मूल त्या बायकोच्या ओटीत घालते आणि समुद्रात शिरते. तिच्या अभिनयाची खूप वाहवा झाली. पण झाले काय, की तिच्या कपाळी तेच लिहिले गेले. १९२४ च्या 'द थीफ ऑफ बगदाद' मध्ये ती कपटी दासी झाली आणि जगभर ठाऊक झाली. त्याच वर्षी तिने 'पीटर पॅन' मध्ये रेड इंडियन मुलीचे काम केले. म्हणजे गोरी सोडून ती कोणीही चालत होती. दोनच साचे होते तिच्यासाठी. एक, प्रेमासाठी मुकाट्याने मरणारी गरीब फुलराणी. दुसरा, लांब नखांची विषारी नागीण. भाजी करणारी, मुलांचा अभ्यास घेणारी, शेजारणीशी भांडणारी साधी चिनी बाई त्या सिनेमावाल्यांनी कधी पाहिलीच नव्हती जणू. आणि खरोखरीची चिनी नायिका असली की ते काम गोऱ्या नटीला, तिच्या डोळ्यांना पट्ट्या चिकटवून. १९२७ च्या 'मिस्टर वू' मध्ये तसेच झाले. नायिका रेने ॲडोरे, आणि ॲना तिच्या मागे उभी.

या सगळ्याला कंटाळून १९२८ साली ती लुलूला घेऊन युरोपात गेली. तिथे तिला मान मिळाला. ती जर्मन शिकली आणि व्हिएन्नाच्या रंगभूमीवर जर्मनमधून संगीत नाटकात उतरली. १९२९ साली 'पिकॅडिली' हा इंग्लिश मूकपट केला. त्यात ती उपाहारगृहात भांडी घासणारी मुलगी आहे आणि तिथून नाचणारी म्हणून नाव काढते. मुलीने तो मला दाखवला. बोलणे नाही, तरी तिच्या डोळ्यांत सगळे कळते. त्याच वर्षी लंडनच्या रंगभूमीवर लॉरेन्स ऑलिव्हिए या पुढे फार मोठ्या झालेल्या नटाबरोबर तिने काम केले. तेव्हा टीकाकारांनी तिच्या बोलण्याला नावे ठेवली. का, तर दिसते चिनी आणि बोलते अमेरिकन! जिचा जन्म लॉस एंजेलिसचा ती आणखी कशी बोलणार? पण तिने पैसे खर्चून शिक्षक ठेवला आणि इंग्रजांचे उच्चार शिकली.

एवढे नाव झाले तरी अमेरिकेबाहेर पडायचे म्हटले की तिला चिनी वंशाच्या माणसांसाठी असलेला वेगळा फॉर्म भरावा लागे आणि आपण इथेच जन्मलो हे दर वेळी सिद्ध करून द्यावे लागे.

१९३० च्या नोव्हेंबरात तिच्या आईला घरासमोरच मोटारीने उडवले व त्यात ती गेली. ॲना तेव्हा न्यूयॉर्कला नाटकात काम करीत होती.

लग्नाविषयी आपल्या भगिनी विचारतीलच, म्हणून सांगते. तिने लग्न केले नाही. लोक म्हणतात नटीला संसार कुठला आवडणार. पण कायदे बघा. कॅलिफोर्नियात गोऱ्या माणसाशी तिचे लग्न बेकायदेशीर होते. ती बंदी न्यायालयाने १९४८ साली उठवली, तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. चीनहून आलेल्या चिनी माणसाशी केले असते तर १९३१ पर्यंतच्या कायद्याने तिचे अमेरिकन नागरिकत्वच गेले असते. उरले तिथेच जन्मलेले चिनी तरुण, आणि त्या घरांना सून म्हणून नटी नको. पडद्यावर तरी सुख असावे, तर तिथेही गोऱ्या नायकाने तिला जवळ घ्यायचे नाही असा दंडक. म्हणून तर गोष्टीत तिला दर वेळी मारून टाकीत. नायक मोकळा राहिला पाहिजे ना!

पैशाचेही तेच. १९३१ च्या 'डॉटर ऑफ द ड्रॅगन' मध्ये नाव तिचे मोठे, तिला मिळाले सहा हजार डॉलर. वॉर्नर ओलँड नावाचा स्वीडनचा माणूस त्यात चिनी बाप झाला होता आणि थोडाच वेळ पडद्यावर होता, त्याला बारा हजार. १९३२ साली 'शांघाय एक्स्प्रेस' आला. त्यातली तिची बाई पुष्कळांना आजही आठवते. इकडे त्याच १९३२ मध्ये आपल्या दुर्गाबाई खोटे 'अयोध्येचा राजा' मध्ये तारामती झाल्या होत्या, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

पण तिच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा घाव पुढेच होता. पर्ल बक या लेखिकेची 'द गुड अर्थ' ही चिनी शेतकरी कुटुंबाची कादंबरी फार गाजली. तिच्यातली ओलान ही काबाडकष्ट करणारी, दुष्काळातून घर तारणारी बाई. नागीण नव्हे, फुलराणीही नव्हे, संसारी बाई. ॲनाने या भूमिकेची वर्षानुवर्षे वाट पाहिली होती. सिनेमा कंपनीने नायक घेतला गोरा, पॉल म्युनी. मग नायिका चिनी कशी चालेल, नवराबायको वेगळ्या वंशाचे होतील! ओलान झाली जर्मनीत जन्मलेली ल्युझ रायनर. ॲनाला विचारले ते लोटससाठी, म्हणजे त्या घराचा नाश करणाऱ्या नाचणारीसाठी. ती चिनी रक्ताची नटी आणि तिनेच वाईट बाई व्हायचे. तिने नाही म्हटले. तिची धाकटी बहीण मेरी हिने मात्र त्यात बारीकसे काम केले. चित्र १९३७ साली आले आणि रायनरला ऑस्कर मिळाले. रायनरबाईंनी काम चांगलेच केले असणार, त्याविषयी माझे म्हणणे नाही.

१९३६ च्या जानेवारीत ॲना बोटीने चीनला निघाली. जन्मात पहिल्यांदाच. वडील १९३४ पासून काही मुलांना घेऊन आपल्या मूळ मुलखात, तायशानकडे, जाऊन राहिले होते. तिकडे त्यांची पहिली बायको होती आणि अमेरिकेत राहूनही ते तिकडचा संसार पोसत आले होते. ही गोष्ट ॲनाच्या आईला किती सोसावी लागली असेल यावर कुणी फारसे लिहिलेले दिसत नाही.

शांघायला लोकांनी गर्दी केली. पण तिला तिथली भाषा येईना. घरात बोलत ती दक्षिणेकडची बोली. बालपणी बुडवलेली ती चिनी शाळा तिला आठवली असेल का, असे मला आपले वाटून गेले. राजधानी नानकिंगमध्ये अधिकाऱ्यांनी तिला मेजवानी दिली आणि मेजवानीतच तास तास तिची खरडपट्टी काढली की तू असली कामे करून आमच्या देशाची नाचक्की केलीस. तिने त्यांना सांगितले की मला दुसरी कामे कुणी देतच नाही. ज्या अमेरिकेने तिला चिनी म्हणून दूर ठेवले, तिच्यामुळेच चीनमध्ये ती अमेरिकेची ठरली. तिने रागावून लगेच परतीची बोट धरली नाही. पेकिंगला राहून भाषेची शिकवणी लावली, चिनी रंगभूमी पाहिली, शिंप्याकडून तिकडचे झगे शिवून घेतले, वडिलांना भेटली.

परतल्यावर तिने ठरवले की आता शक्यतो चांगलीच माणसे करायची. १९३७ च्या 'डॉटर ऑफ शांघाय' मध्ये ती गुन्हेगारांना पकडून देणारी शूर मुलगी झाली. १९३९ च्या 'किंग ऑफ चायनाटाऊन' मध्ये चक्क शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर. चित्रे हलक्या खर्चाची होती, पण शेवटी तिला मरावे लागले नाही. जपानने चीनवर स्वारी केली तेव्हा तिने आपले झगे आणि दागिने लिलावात काढून पैसे मदतीला दिले, युद्धावरच्या चित्रांचा मेहनतानाही दिला. तरी १९४३ साली मादाम चँग कै-शेक हॉलिवूडला आल्या आणि मोठा समारंभ झाला, त्यात शहरातल्या या सर्वांत प्रसिद्ध चिनी बाईला बोलावणे नव्हते. लाँड्रीवाल्याची मुलगी आणि तशा भूमिका करणारी, ती कशी चालेल! त्याच वर्षी डिसेंबरात चिनी लोकांवरची बंदी उठली, पण वर्षाला फक्त १०५ जणांना प्रवेश.

वडील १९३८ मध्ये परत आले आणि १९४९ साली वारले. मेरीने १९४० साली स्वतःच्या हाताने जीवन संपवले. त्याविषयी अधिक लिहायला माझे मन होत नाही. धाकट्या भावंडांच्या शिक्षणाला ॲनाच्या मिळकतीचा आधार होता. जी मुलगी घराचे नाव घालवील असे बापाला वाटले, तिच्याच पैशावर घरातली पोरे शिकली. बापाने हे कधी तोंडाने कबूल केले की नाही कोण जाणे. आपल्याकडचे वडील तरी कुठे करतात.

१९५१ साली तिने दूरदर्शनवर एक मालिका केली. तिचे नाव तिच्या घरच्या नावावरून ठेवले होते : 'द गॅलरी ऑफ मादाम लिऊ-त्सोंग'. आशियाई वंशाची बाई नायिका असलेली अमेरिकेतली ती पहिलीच मालिका. तिची एकही प्रत उरलेली नाही. पुढे तिची प्रकृती खालावली, दारूनेही घात केला. ती भाऊ रिचर्डबरोबर सांता मोनिकाला राहत असे. 'फ्लॉवर ड्रम साँग' या चित्रात, जे खरोखरच अमेरिकेतल्या चिनी कुटुंबांवर होते, तिला काम मिळाले होते. पण ३ फेब्रुवारी १९६१ रोजी झोपेतच हृदय बंद पडून ती गेली. वय छप्पन्न. ते काम दुसऱ्या बाईने केले.

२०२२ साली अमेरिकन सरकारने पाव डॉलरच्या नाण्यावर तिचा चेहरा छापला. त्यांच्या नाण्यांवर आलेली आशियाई वंशाची ती पहिली व्यक्ती.

तिची रक्षा लॉस एंजेलिसला आईच्या कबरीत ठेवली आहे. दगडावर वरती इंग्रजीत आईचे नाव आहे, आणि दोन्ही बाजूंना चिनी अक्षरांत दोन मुलींची नावे, एकीकडे मेरीचे व एकीकडे लिऊ त्सोंगचे. ॲना मे वाँग हे नाव त्यावर नाही.